भांगाचे दिवस

दिवाळी उलटून आठवडा झाला की हवा कोरडी होते. पनवेलला ते फारसं कळत नाही, तिथे धूळच जास्त कळते. पण परवा दुपारी बँकेच्या कचेरीतल्या एकीने डबा उघडला, त्यात वांगं घातलेलं सुक्या बोंबलाचं कालवण होतं, आणि अर्धा मजला नाक मुरडत खिडक्या उघडायला उठला. मी घास हातात धरून तशीच बसले. "तुला पण सोसत नाही का गं वास?" तिने ओशाळून विचारलं. मी हो म्हणून टाकलं. खोटं बोलायची मला सवय आहे. ती कुठे लागली, त्याच दिवसांबद्दल हे लिहिते आहे.

त्याच संध्याकाळी साहेबांनी माझ्या टेबलावर एक फाईल ठेवली. मुरूडच्या बाजूला मासळी सुकवायचा नवा कारखाना निघतो आहे, त्याला कर्ज द्यावं की नाही ते बघायचं. "तू तिकडचीच ना? एकदा जाऊन ये," म्हणाले. दुसऱ्यांच्या उमेदीवर शेरे मारण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. फाईल उघडली. पहिल्याच पानावर वर्षाचे बावन्न आठवडे ओळीने मांडले होते आणि प्रत्येक आठवड्यापुढे मासळीचं वजन सारखंच होतं. मी फाईल मिटली आणि पाणी प्यायला उठले.

तसाच तक्ता मी तेविसाव्या वर्षी केला होता. माझा तर रंगीत होता.

आमचं घर नारळ-सुपारीच्या वाडीतलं. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण वाडीतली माणसं समुद्राकडे पाठ करून राहतात. खारा वारा अडावा म्हणून सुरूची झाडं लावायची, विहिरीचं पाणी मचूळ झालं की समुद्राला चार शब्द सुनवायचे आणि मासे घ्यायच्या वेळेला मात्र पिशवी घेऊन धक्क्यावर हजर व्हायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. आबा शाळामास्तर. मी एम.कॉम. झाले आणि आगरदांड्याजवळच्या एका नव्या कारखान्यात 'फायनान्स मॅनेजर' म्हणून लागले, तेव्हा आबांनी ते दोन शब्द गावात इतक्या जणांना सांगितले की वाण्याने मला अहो-जाहो सुरू केलं. माझ्या हाताखाली कोणीही नव्हतं हे आबांनी कोणाला सांगितलं नाही.

कारखाना हमीदभाईंचा. बावीस वर्षं कुवेतला काढून आलेला माणूस. गोरे, स्थूल, कायम पांढरा सदरा, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. तिकडच्या दुकानांमधून परदेशी सुकी मासळी चकचकीत पाकिटांत विकलेली त्यांनी पाहिली होती आणि आपले बोंबील मात्र वाळूत, कुत्र्यामांजरांच्या राज्यात वाळतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. त्यांनी उन्हावर चालणाऱ्या पारदर्शक छपराच्या लांबलचक खोल्या बांधल्या. आत जाळीचे खण, तळाला पंखे. पहिल्या दिवशी मला फिरवून दाखवताना म्हणाले, "बेटी, ही माझी जिंदगी हाय बघ. आता हिचा हिशोब तुझ्या हातात." मी तेव्हा नुसती हसले होते. असं वाक्य कोणी म्हणालं तर माणसाने पळून जावं, हे मला आता कळतं.

ओले बोंबील येणार होते कोळीवाड्यातून. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या ते स्वतःच सुकवायच्या. किनाऱ्यालगत बांबू रोवलेले, बांबूंना आडवे दोर, आणि दोरांवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले. सकाळी ओले, लिबलिबीत, गुलाबीसर. तीन-चार दिवसांनी खडखडीत. वारा आला की सगळी रांग खुळखुळायची. त्या बायकांमधली कर्ती म्हणजे पार्वतीबाय. पन्नाशीची, उंच, आवाज असा की धक्क्यावरून बोलली तर होडीत ऐकू जावं. तिने हो म्हटलं की कोळीवाडा हो म्हणायचा.

तिला हो म्हणायला लावलं ते मी. हमीदभाई सांगत होते, अर्धा माल युनिटला द्या, अर्धा तुमच्या दोरांवर राहू दे. मला ते पटलं नाही. अर्धा माल म्हणजे खोल्या अर्ध्या रिकाम्या, माझ्या तक्त्यात ते बसेना. मग मी कोळीवाड्यातल्या देवळाच्या ओट्यावर बायकांना जमवलं आणि तासभर बोलले. सगळा माल आम्हालाच द्या, दर ठरलेला, पावसाचं भय नाही, कुत्र्यांपासून राखण नाही. पार्वतीबाय ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आनि बांबू?" मी म्हणाले, "बांबूंची आता गरजच काय?"

दसऱ्याच्या आत बांबू निघाले. काही गोठ्यांच्या छपरांना लागले, काही कुंपणांना, बरेचसे चुलीत गेले. किनारा एकदम उघडा, स्वच्छ दिसायला लागला. मी त्याचा फोटो काढून फाईलला लावला होता. अजूनही कधी कधी जेवताना तो फोटो डोळ्यांपुढे येतो आणि जेवण जात नाही.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग एके दिवशी सकाळी मासळी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी कोळीवाड्यात फोन केला तर पार्वतीबाय म्हणाली, "बाय, भांग हाय. मासली न्हाय येयाची." मला वाटलं पुरुष मंडळी पिऊन पडली आहेत. मी तडकून म्हणाले, "आत्ता कसली भांग? शिवरात्रीला अजून किती महिने आहेत." पलीकडून हसण्याचा एवढा लोंढा आला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. सगळ्या जणी तिथेच बसलेल्या असाव्यात. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की एखादी तोंडाला पदर लावायची.

मग पार्वतीबायने मला वाळूत बसवून बोटांवर शिकवलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ असते, ओढीत पिशवीसारखी उभी केलेली डोलीची जाळी भरून येतात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मेल्यासारखं पडून असतं, जाळं टाकून उपयोग नाही. भांगात पुरुष जाळी शिवतात, बायका माहेरी जातात, लग्नं ठरतात. समुद्राला सोमवार-मंगळवार नसतो. हे सगळं आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर माझ्या जन्माच्या आधीपासून चाललं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तिने माझ्या मांडीवरचा छापील तक्ता उचलला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि परत ठेवला. "तुज्या कागदाला भांग ठाव न्हाय, बाय," ती म्हणाली. रागाने नाही, पोराची शिवण चुकली की सांगावं तशी.

कागदाला भांग ठाऊक नव्हता म्हणजे काय, ते हळूहळू दिसायला लागलं. भांगात खोल्या रिकाम्या, पंखे उगाच फिरताहेत, पाकिटं भरणाऱ्या मुली एकमेकींच्या वेण्या घालताहेत. उधाणात एवढा माल की खण पुरत नाहीत, पाट्या उन्हात तिष्ठत, आणि करार असा की बायकांनी तो दुसरीकडे द्यायचाही नाही, स्वतः सुकवायचाही नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला दर सोमवारी सारखा माल हवा होता, तो वैतागला. त्यात मार्गशीर्ष लागला, गिऱ्हाइकांचे गुरुवारचे उपास सुरू झाले, कित्येक घरांनी महिनाभर मासळी बंद केली. ते तरी मला ठाऊक असायला हवं होतं. आमच्याच घरी आई घट मांडते.

आबांशी बोलावं असं फार वाटायचं. संध्याकाळी ते अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या गोळा करत बसलेले असायचे, शेजारी बसावं आणि सांगून टाकावं. पण ते विचारायचे, "काय मॅनेजरीणबाई, कसं काय कंपनीचं?" आणि त्यांचा चेहरा असा उजळलेला असायचा की मी म्हणायचे, मस्त. आंघोळ करूनही केसांना बोंबलाचा वास यायचा. रात्री उशी बदलून बघितली, तरी यायचा.

मार्गशीर्षातल्या वद्य अष्टमीला बँकेने कर्जाचा पुढचा हप्ता द्यायला नकार दिला. ऐन भांगाचा दिवस. पत्र मीच उघडलं. अर्थ सरळ होता: कारखाना चालायचा नाही. हमीदभाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खुर्चीत बसले. बराच वेळ ते टेबलावरच्या काचेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बेटी, पुढच्या आठवड्यात एक पार्टी येतेय बघायला. पैसेवाली माणसं हायत. युनिट भरलेला दिसला तर घेतील, इन्शाअल्ला. येक उधाण जाऊ दे. तवर बायांना बोलू नको. मंग मीच जाऊन सांगीन, खुदा कसम."

मी काय म्हणाले असते तर बरं झालं असतं, याची वाक्यं मी गेल्या सात वर्षांत पुष्कळ तयार केली आहेत. अमावास्येपर्यंत आठ दिवस हातात होते. बायकांना त्याच दिवशी कळलं असतं, तर त्यांनी अमावास्येच्या आत बांबू तोडून आणले असते, दोर बांधले असते, उधाण त्यांच्या हाताला लागलं असतं. त्यांना नेमकं तेवढंच हवं होतं: आठ दिवस. आणि माझ्या डोक्यात काय होतं? पहिली नोकरी, सहा महिने पुरे नाहीत, बुडालेल्या कंपनीची मुलगी म्हणून पुढे कोण घेणार. आबांनी किती जणांना सांगितलंय. मी "बरं" म्हणाले. एवढाच एक शब्द. तो बोलायला काहीच कष्ट पडले नाहीत.

ते आठ दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही, तुकडे आठवतात. पार्वतीबाय मधे एकदा कारखान्यात आली. भांग होता म्हणून तिला सवड होती. तिच्या सुनेला दिवस गेले होते, त्याचे तिने पेढे आणले होते. "ह्या उधानाला बग बाय, वारा वरचा हाय, उत्तरंचा, मासली फुटल," ती म्हणाली. मी पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी घरी जावंसं वाटेना आणि कोळीवाड्यावरून जायची छाती होईना, म्हणून आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघीच्या फेरीबोटीत बसले. पलीकडे उतरले नाही, तशीच परत आले. परत गेले. चौथ्या खेपेला तिकीटवाल्याने पैसे घेतले नाहीत. "ताई, काय हरवलंय का?" त्याने विचारलं. मी पाण्याकडे बघत होते आणि मला तिथे उतरावंसं वाटत होतं, बोटीतून, पाण्यात. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या माणसाने मला मग बोट लागेपर्यंत आतल्या बाकावर बसवून ठेवलं.

पार्टी उधाणाआधीच आली. चार माणसं, पायांत उंची बूट. त्यांनी रिकाम्या खोल्या पाहिल्या, रुमाल नाकाला लावला, हमीदभाईंच्या घरची बिर्याणी दोनदा वाढून घेतली आणि कळवतो म्हणून गेले. अमावास्येला उधाण आलं. पार्वतीबाय म्हणाली होती तसंच झालं, मासळी फुटली. सगळ्या वर्षात तेवढी आली नव्हती. बायका पाट्यांवर पाट्या आणत होत्या, हसत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. खण भरले, मग जमिनीवर ताडपत्र्या घातल्या. तिसऱ्या दिवशी समुद्रावरून ढग आले. पाऊस नाही, वादळ नाही, नुसतं करडं, दमट आभाळ, दोन दिवस. ऊन नाही म्हणजे खोल्या बंद. जनरेटरला डिझेल नव्हतं. उधारीवर देणाऱ्या पंपवाल्याने हात आखडता घेतला होता. त्या पारदर्शक छपराखाली ती मासळी आधी घामेजली, मग मऊ पडली, मग वास बदलला. बांबूंवर असती तर कदाचित निम्मी वाचली असती, तिथे निदान समुद्रावरची झुळूक लागते. मी दारात उभी राहून बघत होते. करण्यासारखं काहीच नव्हतं.

कुजलेली मासळी कुठे टाकायची हाही प्रश्नच. शेवटी टेम्पोवाल्याने ती वाड्यांमधून खत म्हणून उतरवली. दोन खेपा आमच्या वाडीत आल्या. आबा खूश होते. माडांना मासळीचं खत म्हणजे सोनंच. स्वतः कुदळ घेऊन आळी खणत होते. "कोणाचा गं एवढा माल फुकट गेला?" त्यांनी विचारलं. तेव्हा मात्र मला रडू फुटलं, आणि आळ्याच्या कडेला बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. कुदळ खाली ठेवली. "त्यांना सांगितलंस?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "मग मला काय सांगतेस," ते म्हणाले आणि घरात गेले.

तशीच, मातीच्या हातांनी, मी कोळीवाड्यात गेले. हमीदभाई तिथे आधीच पोचले होते. शब्दाला जागले होते, फक्त उशिरा. बायका देवळाच्या त्याच ओट्यावर बसल्या होत्या. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. हमीदभाई खाली बघत बोलत होते, "नसीब" हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. पार्वतीबायने त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला कवापासून ठाव होतं?"

"पंधरा दिवस होत आले," मी म्हणाले.

"पंधरा दिवस म्हंजे आमचा आखा उधान," ती म्हणाली. पाटी उचलली, डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि गेली. तिच्या मागोमाग एकेक करून सगळ्या उठल्या. ओट्यावर मी आणि हमीदभाई राहिलो. ते रडत होते. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही, हेही लिहून ठेवते.

त्या हंगामात कोळीवाड्यात नवे बांबू उभे राहायला फाल्गुन उजाडला. कित्येक घरच्या बायका कोळंबी सोलायला मुंबईला भाऊच्या धक्क्यावर गेल्या, त्यांत पार्वतीबायची पोटुशी सूनही होती. हमीदभाई अठ्ठावन्नाव्या वर्षी परत कुवेतला गेले, दुसऱ्याच्या दुकानात उभं राहायला. जाण्याआधी त्यांनी मला अनुभवाचं पत्र दिलं. सुंदर इंग्रजीत, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्यात मी मेहनती आहे असं होतं, हुशार आहे असं होतं, आणि प्रामाणिक आहे असंही होतं. पुढे दीड वर्ष मी सुपाऱ्या सोलत घरी बसले. मुलाखतींना जायचे, आधीची नोकरी का सुटली विचारलं की कंपनी बंद पडली एवढंच सांगायचे. आबा बोलायचे माझ्याशी, पण मॅनेजरीणबाई म्हणाले नाहीत पुन्हा. शेवटी ज्या नोकरीवर आज मी जेवते ती त्याच पत्रावर मिळाली. साहेबांनी त्यातल्या 'प्रामाणिक' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

वाईट गोष्ट अशी की मी कामात चांगली आहे. कुठल्याही तक्त्यात मला भांग दिसतो. भाजीवाल्याचा, वीटभट्टीवाल्याचा, लग्नाच्या हॉलवाल्याचा. साहेब कौतुक करतात. ते मी कुठे शिकले आणि त्याची फी कोणी भरली, हे ते कधी विचारत नाहीत.

शनिवारी फाईल घेऊन गेले. सात वर्षांत कोळीवाड्यात पाऊल टाकलं नव्हतं. बांबूंची रांग होती, पूर्वीपेक्षा लांब. ऊन चांगलं होतं. पार्वतीबाय स्टुलावर बसून बोंबील टांगत होती. आता उभं राहवत नसावं. केस पार पांढरे झाले होते. मला तिने लगेच ओळखलं, हात मात्र थांबवला नाही. एक बोंबील, दुसरा बोंबील, तोंडात तोंड, दोरावर.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. नवा कारखाना येतोय, माणसं वेगळी आहेत, माल इथूनच मागतील, मी बँकेकडून बघायला आले आहे. माफी मागायची म्हणून बसमध्ये जे जे जुळवलं होतं त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही.

"बुडनार काय ते?" तिने विचारलं.

"अजून कळलं नाही. बघायचंय."

"मंग ज्या दिशी कलल त्या दिशी ये," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी न्हाय. त्याच दिशी. आमी तवर बांबू काढनार न्हाय."

"येईन," मी म्हणाले. "त्याच दिवशी येईन."

तिने हातातली जोडी दोरावर टाकली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, डोळ्यांवर हाताची सावली धरून. तिचा विश्वास बसला नव्हता, ते मला स्पष्ट दिसलं. तो बसावा असं माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. मी तशीच उन्हात उभी राहिले आणि ती पुढची पाटी ओढून कामाला लागली.